तेलाला वाट

आमच्या घरी कुणालाच धड वेळ ठाऊक नसायची, आणि घर मात्र घड्याळं करणाऱ्याचं. ओसरीवर, मधल्या खोलीत, फडताळाच्या बाजूला, न्हाणीच्या भिंतीवर, जागा मिळेल तिथं घड्याळं टांगलेली. कुणाला काटे नाहीत, कुणाला तबकडी नाही, कुणाच्या पोटातली चाकं उघडी पडलेली. पण सगळी चालू, आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. एकाचे ठोके संपतात न संपतात तोवर दुसरं सुरू व्हायचं. माझी आई, म्हणजे आमची अव्वा, चुलीवरची आमटी उतरवायची ती गिरणीच्या भोंग्यावर. भोंगा ऐकू आला नाही तर शेजारच्या विणकरांच्या मागांचा खडखडाट थांबला की जेवणवेळ झाली असं ती धरून चालायची. पाहुणे हसायचे. माझ्या वडिलांना, अप्पांना, कुणी त्यावरून छेडलं की ते म्हणायचे, "शिंप्याचा सदरा बगितला का कदी? फाटकाच असतोय की."

अप्पा घड्याळं विकत नाहीत, करतात, हे मला शाळेत पुन्हा पुन्हा सांगावं लागे. पितळेचा पत्रा आणायचा, त्यावर वर्तुळ आखायचं, करवतीनं कापायचं आणि मग एकेक दाता कानशीनं घासत बसायचं. अप्पांचा लेथ पायानं चालायचा. त्यांची घड्याळं वजनावर चालणारी, लांब लंबकाची, भारदस्त. मठांत, देवळांत, शाळांत आणि चादरींच्या कारखान्यांत ती लागायची. आमच्या घराला रॉकेल, पितळेचा कीस आणि अव्वानं कुटलेली शेंगाची चटणी यांचा मिळून एक वास होता. आज सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत आमची घड्याळांची छोटी शेड आहे, तिथं दुपारी डबा उघडला की अजून तोच वास येतो, आणि मला भूक लागली आहे की काम सुचतंय हे माझं मलाच कळत नाही. कडक भाकरी मोडताना एखादा पिवळा कण चमकला की अव्वा म्हणायची, "घ्या, आज ज्वारीत सोनं पिकलं." ही गोष्ट घडली तेव्हा माझं शिक्षण संपलं होतं आणि स्थळं बघणं चालू होतं. स्थळ येणार असलं की अव्वा माझी काळी नखं लिंबानं घासायची. मी लेथवर बसते हे पाहुण्यांना कळू नये एवढीच तिची इच्छा होती. मी लेथवर बसू नये असं मात्र ती कधी म्हणाली नाही.

दसरा आला की बाकीच्या घरांत आनंद, आमच्या घरात अप्पांचं डोकं फिरायचं. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, यंत्रं पुजतो. गावोगावच्या लोकांनी अप्पांच्या घड्याळांनाही त्यात धरलं होतं, आणि अगदी मनापासून. हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, इथवर ठीक. पण यंत्र म्हटलं की तेल पाहिजे, आणि तेल म्हटलं की आपल्या भागात करडीचं. घाण्यावरचं, शुद्ध, देवाला चालेल असं. ते पळीनं सरळ चाकांवर ओतायचे. करडीचं तेल चटणीवर घेतलं तर बोटं चाटावीत, पण पितळेवर ते हळूहळू वाळतं, लाखेसारखं चिवट होतं, त्यात कुंकू रुतून बसतं, आणि दिवाळी सरता सरता घड्याळ मान टाकतं. मग अप्पा पिशवीत रॉकेल आणि ब्रश घेऊन एसटीनं गाव ते गाव. त्यांनी प्रत्येक घड्याळाखाली मराठीत आणि कानडीत पाटी लावली, 'तेल घालू नये.' पुढच्या वर्षी गेले तर पाटीलाही हळद-कुंकू. त्यांनी पेटीला कुलूप घातलं. पुढच्या वर्षी कुलपाला माळ, आणि तेल दाराच्या फटीतून आत सोडलेलं. भक्त आणि अप्पा, दोघंही हट्टाला पेटलेले.

घड्याळांची रचना मात्र अशी होती की अप्पांशिवाय कुणाचं चालू नये. पुढे एक पितळी पत्रा, मागे एक, आणि सगळी चाकं त्या दोघांच्या मध्ये अडकवलेली. बहुतेक जुन्या घड्याळांत हेच असतं. एक चाक पुसायचं म्हटलं तरी पुढचा पत्रा सोडवावा लागतो, आणि पत्रा सुटला की सगळीच चाकं लवंडतात. परत बसवताना प्रत्येक चाकाच्या आसाचं टोक आपापल्या भोकात, सगळ्यांचं एकाच वेळी, नेमकं गेलं पाहिजे. हे कसब अप्पांच्या बोटांत होतं आणि त्याचा त्यांना गर्व होता. "माझ्या घड्याळाला माझ्याबिगर कुनी हात लावायचा न्हाय," असं ते प्रत्येक गावात सांगून ठेवायचे, आणि लोक ते ऐकायचे. तेलाचं ऐकत नव्हते, हे ऐकायचे.

अक्कलकोटच्या पुढे, जिथं वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपतं, अशा एका गावच्या मठात अप्पांचं सगळ्यात मोठं घड्याळ होतं. मठात शिकणारी मुलं राहायची. त्यांचं उठणं, जेवणं, निजणं त्या घड्याळावर. ते दाराच्या कमानीवर, उंच. त्या वर्षीही दिवाळीनंतर ते थांबलं आणि अप्पा शिडी लावून चढले. आतली सगळी यंत्रणा खांद्यावर घेऊन उतरताना शिडीची पायरी मोडली. अप्पा आणि घड्याळ बरोबरच खाली आले. मठाची व्यवस्था बघणारा मल्लप्पा त्यांना टेंपोत घालून सोलापूरला घेऊन आला. मांडीचं हाड मोडलं होतं, डोक्याला खोक पडली होती. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि अव्वाला बाजूला घेऊन सांगितलं, हाड जुळेल, पण पाय आखूड राहणार आणि चक्कर येत राहणार. शिडी विसरायला सांगा, पुन्हा पडले तर माझ्या हातात काही राहणार नाही.

अव्वानं ते सांगितलं. अप्पांनी छताकडे बघत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मठाचं घड्याळ फुटलंय. नवं करून देनार मी. अन् बसवाया मीच जानार. दसऱ्यानंतर पुसायला बी मीच जानार. दुसरं कोन हाय?" हे ते रागानं म्हणाले असते तर मला काही वाटलं नसतं. ते शांतपणे म्हणाले, म्हणून मी घाबरले. घड्याळ बंद पडलंय असा निरोप आला की हा माणूस चढणार, आणि आम्ही दोघी त्याला अडवू शकणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. त्यांना नवं घड्याळ करूच द्यायचं नाही, असं मी अव्वाला म्हटलं. ती म्हणाली, "मग ते खाटेवरच मरतील." तिचंही खरं होतं.

एका दुपारी अव्वा खाटेशेजारी ज्वारी निवडत बसली होती. सुपातून नजर न काढता ती म्हणाली, "तुमीच कशाला जायला पायजे? तितल्या मानसाला उघडता येईल असं करा की."

"घड्याळ हाय ते. जातं न्हाय."

"जातंच बरं मग. वरचा दगड उचलायचा, पुसायचा, परत ठेवायचा. माझ्या अव्वानं पुसलं, मी पुसतीय, उद्या ही सुवर्णा पुसंल. जातं करणाऱ्याला पुसायला कुनी बोलवत न्हाय."

अप्पा हसले, पण वाईट हसले. "अन् तेल? उघडता आलं की अजून दोन पळ्या जास्त वततील."

"वततील की," अव्वा म्हणाली. "मनापासून वतनाऱ्याला कोन अडवनार? देवळात पिंडीवर बगा. दूध वततात, दही वततात, मध, उसाचा रस. देव बुडाला का? शाळुंकेनं वाट काढून दिलीय, सगळं बाहेर जातंय. तुमी नुसती पाटी लावताय. तेलाला वाट कुटं दिलीय?"

अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते आमच्याशी कामापुरतंही बोलेनात. पाणी हवं असलं तरी तांब्या वाजवायचे. अव्वाला वाटलं तिनं नको तिथं बोट ठेवलं. ती शेंगापोळी करून त्यांच्या उशाशी ठेवायची, ते खायचे आणि पुन्हा भिंतीकडे. आणि मग एका सकाळी, मी केर काढत असताना, खाटेवरून आवाज आला, "सुवर्णा, जरा देवळात जाऊन ये. शाळुंकेला उतार किती हाय, बोट ठेवून बगून ये." मी केरसुणी तशीच टाकून पळाले. देवळात पुजारी मला विचारत होते काय झालं, आणि मला इतकं हसू येत होतं की सांगता येईना.

ते घड्याळ आम्ही तिघांनी केलं. अप्पा खाटेवरून सांगायचे, मी लेथवर, आणि परीक्षा अव्वाची. पुढचा अख्खा पत्रा गेला. त्याऐवजी प्रत्येक चाकाला पुढून स्वतःची एक छोटी पितळी पट्टी, दोन स्क्रूंनी धरलेली; ती काढली की तेवढंच चाक हातात येतं, बाकीची आपल्या जागी. सगळे स्क्रू एका मापाचे, कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतील असे. तबकडी वर कमानीवर, पण यंत्रणा खाली, उभ्या माणसाच्या छातीपाशी; मधे एक लांब सळई. अप्पांना सुचलेली ही सळई मला सगळ्यात आवडली, कारण तिच्यामुळे शिडीच गेली. आणि पेटीच्या माथ्यावर, जिथं लोकांचा हात आपसूक जाणार तिथं, एक नक्षीची पितळी पळी बसवली. तिच्यात ओतलेलं तेल उतारानं नळीतून चाकांना वळसा घालून बाहेरच्या वाटीत उतरायचं.

अव्वाची परीक्षा म्हणजे, तवा चुलीवर असताना तिला हाक मारायची. ती पिठाच्या हातानं यायची, चाक काढायची, पदरानं पुसायची, परत लावायची आणि भाकरी करपायच्या आत जायची. एकदा तिनं चाक उलटं लावलं आणि ते गेलंही. अप्पा भडकले, "कळत न्हाय का तुला?" अव्वा म्हणाली, "मला न्हाय कळत. तुमच्या घड्याळाला कळतंय का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मला प्रत्येक आसाचं एक टोक जाड आणि एक बारीक करायला लावलं, म्हणजे उलटं जाणारच नाही. त्यानंतर आमच्याकडे नियमच झाला: अव्वाला जमलं नाही तर चूक घड्याळाची. हा नियम मी आजही शेडमध्ये पाळते. परवा माझा फोन दुरुस्तीला नेला तर दुकानदार म्हणाला, हा आतून चिकटवलेला आहे, उघडला तर काच फुटेल, नवीन घ्या. मी फोन परत घेऊन आले. अव्वा असती तर तिनं त्याला सोडलं नसतं.

घड्याळ बसवायला मी गेले. अप्पांचं प्लास्टर निघालं होतं, पण काठीशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. मल्लप्पा मोठ्या हाडाचा, मिशाळ, आणि अप्पांना देवाखालोखाल मानणारा माणूस. घड्याळ उभं राहिलं, चाललं, मुलं टाळ्या वाजवून गेली. मग मी मल्लप्पाला म्हटलं, आता हे चाक तुम्ही काढून दाखवा. त्यानं दोन्ही हात मागे बांधले.

"न्हाय बाई. अप्पांच्या घड्याळाला मी हात लावू व्हय? अप्पांनीच सांगितलंय, कुनी हात लावायचा न्हाय."

"अप्पांनीच आता लावायला सांगितलंय."

"त्यांनी मला सांगू दे. तुमी सांगून कसं चालंल?" मी विनवलं, रागावले, स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या खिशात खोचला. त्यानं तो काढून देव्हाऱ्यात ठेवला, नमस्कार केला आणि मला एसटीपर्यंत सोडायला आला.

घरी आल्यावर मी हे अप्पांना सांगितलं. मला वाटलं ते खूश होतील. त्यांचा चेहरा पडला. "हातच लावत न्हाय म्हनला?" असं त्यांनी दोनदा विचारलं. इतकी वर्षं गावोगाव सांगितलेलं त्यांचंच वाक्य आता त्यांच्या अंगाशी आलं होतं. दसरा जवळ येत चालला तसे ते घरात येरझाऱ्या घालू लागले. एक दिवस मी बाजारातून आले तर अप्पा माळ्याच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभे, काठी खाली पडलेली, डोळे मिटलेले, घाम आलेला. सवय करून बघत होते. मी पिशवी टाकून त्यांची कंबर धरली आणि ते माझ्या खांद्यावर भार टाकत उतरले. "अव्वाला सांगू नकोस," म्हणाले. मी सांगितलं. त्या दिवशी आमच्या घरात कुणी जेवलं नाही.

दसरा झाला. दिवाळी आली. आम्ही फराळ केला, पण दारात सायकलची घंटी वाजली तरी तिघांचेही हात थांबायचे. दिवाळी सरली तरी मठाकडून काही निरोप नाही. आणि मग एका दुपारी दारात मल्लप्पा उभा. डोक्याला पटका, काखेत रिकामी पोती. मी आधी त्याच्याकडे बघितलं, मग अप्पांकडे. अप्पा खाटेवर उठून बसले, काठी हातात घेतली, आणि मला म्हणाले, "पिशवी भर." मग मल्लप्पाकडे वळून, "कवापास्नं बंद हाय?"

मल्लप्पाला काही कळेना. "काय बंद?"

"घड्याळ."

"न्हाय की. चालू हाय. मी चादरी न्यायला आलतो सोलापुरात. पोरांना थंडीच्या चादरी लागतात न्हवं? म्हटलं अप्पांना बगून जावं."

अप्पांचा विश्वास बसेना. "दसऱ्याला तेल घातलं का न्हाय लोकांनी?"

"घातलं की. न घालून कसं चालंल? मी बी घातलं. खालच्या वाटीत उतरलं समदं, समईला वापरलं."

"अन् बंद पडलंच न्हाय?"

"पडलं की एकदा," मल्लप्पा म्हणाला. त्यानं अव्वाच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला, पाणी प्यायला, आणि आम्ही तिघं त्याच्या घशाकडे बघत राहिलो. "दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. माळेतली झेंडूची पाकळी चाकात गेलती."

"मग?"

"मग काय. पट्टी काढली, चाक काढलं, धोतरानं पुसलं, लावलं. पहिल्यांदा उलटं लावाय बगत हुतो, जाईना. सुलटं केलं, गेलं. चालू झालं."

"तू हात लावलास?"

आता मल्लप्पाच्या ध्यानात आलं. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही कान धरले. "चुकलं अप्पा. खरं सांगतो, ध्यानातच आलं न्हाय. पोरांच्या जेवनाची वेळ झालती, घंटा द्यायची हुती, अन् ते बंद. तुमचं काय बोलनं आटवायला टायमच नव्हता."

अप्पांनी काठी बाजूला ठेवली. "पोरं येळेवर जेवली का?"

"जेवली की."

"मग कान सोड," अप्पा म्हणाले. अव्वानं त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळ घातलेली खीर केली, तूप वाढताना हात आखडला नाही. मल्लप्पानं दोन वाट्या मागून घेतल्या, अप्पांना आपल्या गावच्या उसाच्या, पावसाच्या, मठाच्या स्वामींच्या गुडघेदुखीच्या गोष्टी सांगितल्या आणि रिकामी पोती खांद्यावर टाकून तो चादरी घ्यायला बाजारात गेला. जाताना म्हणाला, "कवा येताय मठात?" अप्पा म्हणाले, "जेवायला येतो." त्यांना हे वाक्य बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. इतकी वर्षं ते त्या गावी गेले ते शिडी चढायलाच.

तो गेल्यावर अप्पा खाटेवर आडवे झाले. मग म्हणाले, "ऐकलंस का? घड्याळ बंद पडलं, अन् त्याला माझी आटवनच झाली न्हाय." मला वाटलं त्यांना लागलं. मी धावत खाटेशी गेले. अप्पा हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहून कानात चाललं होतं आणि ते हसत होते. "आटवनच झाली न्हाय म्हनतो!" ते पुन्हा म्हणाले, लॉटरी लागल्यासारखे.

"साकरी. मलकोरी," अव्वा कानडीत म्हणाली. पुरे, झोपा आता. घरात मराठी बोलणारी आमची अव्वा माया दाटून आली की कानडीत बोलायची. तिनं त्यांच्या पायावर नवी चादर घातली. अप्पांनी खरोखरच डोळे मिटले आणि थोड्याच वेळात घोरू लागले. मी स्वयंपाकघरात गेले, दाराआड बसले आणि तोंडात पदर कोंबून मनसोक्त रडले. मला फक्त एवढंच कळत होतं की बाकीच्या गावांची घड्याळंही आम्ही आता अशीच करून देऊ, आणि मग त्यांना कुणीही, कुठूनही बोलावणार नाही. आता अप्पा आमच्या डोळ्यांसमोर, घरात, सावकाश म्हातारे होणार होते.